पालेभाजी घरात परत आणा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही परळला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि अकरावीत शिकणारी मुलगी अशी पाच माणसे आहोत. गेल्या वर्षी सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि त्यांना रक्त पातळ करण्याची गोळी सुरू झाली. अशी गोळी चालू असताना पालेभाजी खायची नसते, असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्यांच्यासाठी ती बंद केली आणि हळूहळू सगळ्यांचीच बंद झाली. मागच्या महिन्यात मुलीचे हिमोग्लोबिन 9.6 निघाले. तेव्हापासून ती एका व्हिडिओत पाहून रोज सकाळी कच्च्या पालकाचा रस गाळून पिते. सासूबाईंचे म्हणणे असे की पालेभाजी उकडून पाणी टाकल्याशिवाय खाऊच नये. यजमान म्हणतात की मुंबईतली पालेभाजी रुळांच्या कडेला गटाराच्या पाण्यावर वाढते, ती घरात आणूच नये. मी नोकरीवरून घरी पोहोचते तेव्हा साडेसात वाजलेले असतात आणि त्यानंतर जुडी निवडत बसण्याचे त्राण उरत नाही. शिवाय पावसाळा तोंडावर आला आहे. आम्ही पालेभाजी खावी की नाही, खावी तर किती आणि कशी, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातल्या प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, परंतु त्यांपैकी एकही कारण पालेभाजी कायमची बंद करण्याइतके मोठे नाही. म्हणून माझे मत आधीच स्पष्टपणे सांगते. पालेभाजी घरात परत आणावी, ती रोज थोडी खावी, शिजवून खावी आणि शक्यतो डाळीच्या सोबतीने खावी. सासऱ्यांच्या ताटात ती वाढण्यापूर्वी मात्र एक गोष्ट तपासून घ्यायची आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते.

आपण त्यांच्या गोळीचे नाव लिहिलेले नाही आणि सगळा निर्णय त्या नावावर अवलंबून आहे. रक्त पातळ करण्याची गोळी म्हणून आपल्याकडे अगदी निरनिराळ्या जातींची औषधे ओळखली जातात. अँजिओप्लास्टीनंतर बहुतेक रुग्णांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा त्याच वर्गातले एखादे औषध दिले जाते. ही औषधे रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटण्यापासून रोखतात आणि त्यांच्या या कामाचा पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाशी काहीही संबंध नसतो. पालेभाजीचा संबंध येतो तो वॉरफरिन आणि असेनोकुमारोल या औषधांशी, जी मुख्यतः कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना दिली जातात. यकृत के जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारे घटक तयार करते आणि ही औषधे नेमके तेच काम मंदावतात. त्यामुळे आहारातले के जीवनसत्त्व एकदम वाढले तर औषधाचा परिणाम कमी होतो आणि एकदम घटले तर तो वाढतो. अपिक्सॅबान, रिव्हरोक्सॅबान यांसारख्या नव्या औषधांना ही अडचण नाही.

तेव्हा सासऱ्यांची औषधांची चिठ्ठी घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना हा एकच प्रश्न विचारावा. गोळ्या केवळ अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल वर्गातल्या असतील, तर त्यांनी वर्षभर पालेभाजी विनाकारण टाळली असे होईल, आणि हृदयरोग असलेल्या माणसाने भाज्या टाळणे हे त्याच्या हिताचे नाही. गोळी वॉरफरिन किंवा असेनोकुमारोल असेल, तरीही पालेभाजी बंद ठेवण्याची गरज नसते. दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खाणे एवढेच पथ्य असते. तथापि त्यांचा औषधाचा डोस आता पालेभाजीविना आहारावर ठरलेला असल्यामुळे, या परिस्थितीत ती आपल्या मनाने सुरू करू नये. आधी डॉक्टरांना सांगावे, थोड्या प्रमाणात सुरुवात करावी आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर ही रक्ततपासणी ते सांगतील त्या दिवशी करून घ्यावी. आमटीवरची चिमूटभर कोथिंबीर किंवा फोडणीतला कढीपत्ता यांची धास्ती बाळगण्याचे मात्र कारण नाही. त्यांना मूत्रपिंडाचा विकार असेल, तर पालेभाज्यांतल्या पोटॅशियमचा प्रश्नही याच भेटीत विचारून घ्यावा.

आता मुलीविषयी, कारण आपल्या पत्रातली माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची बाब तीच आहे. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन किमान 12 असावे लागते, 9.6 म्हणजे मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय होय आणि तो कोणत्याही भाजीने किंवा रसाने लवकर भरून निघत नाही. यात तिची काही चूक आहे असे तिला वाटू देऊ नये, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. शंभर ग्रॅम पालकात लोह असते जेमतेम तीन मिलिग्रॅम, तर तरुण स्त्रीची दिवसाची शिफारस केलेली गरज आहे 29 मिलिग्रॅम. त्यातही वनस्पतिजन्य लोहाचा फार थोडा भाग शरीर शोषून घेते. ती गाळून पिते त्या पेलाभर रसातून तिला नेमके किती लोह मिळत असेल, हे यावरून लक्षात यावे.

म्हणून तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, पोटात जंत आहेत का, थॅलेसीमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या आणू नयेत. थॅलेसीमिया मायनरमध्येही हिमोग्लोबिन कमी असते, पण लोह पुरेसे असू शकते आणि मग त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलीच, तर ती चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नये आणि हिमोग्लोबिन वर आल्यावरही ते सांगतील तितके महिने ती चालू ठेवावी, कारण शरीरातला लोहाचा साठा भरायला अधिक वेळ लागतो. पालेभाजीचे काम यापुढचे आहे: फोलेट, सी जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन, चोथा आणि थोडेथोडे लोह ती रोज देत राहते आणि भरून निघालेले पुन्हा रिते होऊ नये यासाठी साथ करते.

कच्च्या पालकाचा रस मात्र तिने आजपासून बंद करावा, असे मी आग्रहाने सांगते. पालकात ऑक्झलेट भरपूर असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि रोज कच्च्या पाल्याचा रस मोठ्या प्रमाणात पिणाऱ्या काही माणसांच्या मूत्रपिंडांना या ऑक्झलेटमुळे इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रस गाळला की चोथा गाळणीत राहतो. याहून मोठी चिंता पाल्यावरच्या जंतूंची आहे. पालेभाजी जमिनीलगत वाढते, तिला कोणते पाणी दिले गेले हे आपल्याला ठाऊक नसते आणि पानांच्या घड्यांत व देठांच्या बेचक्यांत अडकलेली माती साध्या विसळण्याने निघत नाही. विषमज्वराचे जंतू, आवेचे परजीवी आणि जंतांची अंडी याच वाटेने पोटात जातात. टेपवर्म नावाच्या जंताची अंडी मैलामिश्रित पाण्यातून कच्च्या पाल्यावर येतात, पोटात गेल्यावर त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून तेथे गाठी होऊ शकतात आणि माणसाला फिट येऊ लागतात. हा आजार मांस न खाणाऱ्यांनाही होतो, तो याच कारणाने. पाला नीट शिजवला की जंतूंचे हे सर्व धोके टळतात. तोच पालक मूठभर मुगाच्या डाळीबरोबर शिजवून, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन आणि ताटात वाढल्यावर अर्धे लिंबू पिळून तिला दिला, तर लिंबातल्या सी जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते आणि फोडणीतल्या तेलामुळे कॅरोटीन अंगी लागते. जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळणे हेही तिच्यासाठी तितकेच महत्त्वाचे आहे.

तिला पालकच हवा असे काही नाही. मेथी, शेपू, चवळई, लाल माठ, राजगिरा, करडई, आंबट चुका, चाकवत, अंबाडी, मुळ्याचा पाला, मायाळू असे कितीतरी प्रकार परळ-दादरच्या बाजारात हंगामाप्रमाणे मिळतात आणि प्रत्येकाचा गुण वेगळा आहे. शेवग्याच्या पाल्यात पालकाच्या तिपटीहून अधिक कॅल्शियम असते आणि मेथीतही ते पालकाहून पुष्कळ जास्त असते. त्या दोन्हींत ऑक्झलेटही पालकापेक्षा कमी असल्याने ते शरीराला अधिक उपयोगी पडते. मुंबईत शेवग्याची शेंग सगळे घेतात, पण पाला बहुतेक घरांत येत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. ती करायला अवघड नाही: पाने देठांपासून ओरबाडून घ्यावीत, कांदा व हिरवी मिरची परतून त्यात पाने आणि भिजवलेली मूगडाळ घालावी, पाण्याचा हबका मारून मऊ शिजवावी आणि शेवटी ओले खोबरे घालावे.

पाणी टाकण्याविषयी सासूबाईंचे म्हणणे काही भाज्यांच्या बाबतीत योग्य आहे, सर्वच भाज्यांच्या नाही. पालक उकळत्या पाण्यात घालून ते पाणी टाकले, तर त्यातले विरघळणारे ऑक्झलेट बरेचसे निघून जाते. म्हणून ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे झाले आहेत त्यांनी पालक तसाच करावा आणि ताकातली भाजी खावी, कारण ताकातले कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच बांधून ठेवते. मात्र या पाण्याबरोबर फोलेट आणि सी जीवनसत्त्वही निघून जाते. घरात मुतखड्याची तक्रार नसेल, तर मेथी, माठ, चवळई, शेपू यांचे पाणी टाकण्याचे कारण मला दिसत नाही. या भाज्या त्यांच्या स्वतःच्या ओलाव्यावरच शिजतात, वर पाणी घालावेच लागत नाही, आणि घातलेच तर उरलेले पाणी आमटीत किंवा कणीक भिजवायला घ्यावे. अळूची गोष्ट वेगळी आहे: त्याच्या पानांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांमुळे घसा खाजतो, म्हणून अळू चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण गळेपर्यंत शिजवावा. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातलेले अळूचे फदफदे हा पाला आणि डाळ एकत्र खाण्याचा उत्तम मार्ग आहे आणि तो केवळ लग्नाच्या किंवा श्रावणाच्या पंगतीपुरता ठेवू नये.

रंग टिकावा म्हणून भाजीत सोडा घालण्याची सवय असेल, तर ती सोडावी. सोड्याने हिरवेपणा राहतो, पण ब आणि सी जीवनसत्त्वांचा नाश होतो. पालेभाजीतली आम्ले हरितद्रव्यातले मॅग्नेशियम काढून घेतात आणि त्यामुळे ती काळपट होते. यावर साधा उपाय असा की पहिली काही मिनिटे झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतावी, म्हणजे ही आम्ले वाफेबरोबर निघून जातात. आंबट पदार्थ शेवटी घालावा. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडे लोह तिच्यात उतरते आणि मुलीसाठी ते चांगलेच आहे, फक्त भाजी झाल्याबरोबर ती दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी.

यजमानांची शंका मी हलकी मानत नाही. उपनगरी रेल्वेच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवली जाते, हे मुंबईकरांनी लोकलच्या खिडकीतून अनेक वर्षे पाहिलेले आहे. अशा पाण्यातले जंतू शिजवण्याने मरतात, पण सांडपाण्यातून आलेले शिसे किंवा कॅडमियम पानाच्या आत मुरलेले असते आणि ते धुण्याने किंवा शिजवण्याने जात नाही. तथापि मुंबईत विकली जाणारी सगळी पालेभाजी तेथून येत नाही. नाशिक आणि पुणे भागातून रात्री निघालेल्या गाड्या वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत व दादरच्या भाजीबाजारात माल उतरवतात, वसई-पालघरकडचे भाजीवालेही शहरात येतात. एका ठरलेल्या भाजीवालीकडून घ्यावे, माल कोठला हे तिला विचारावे, आणि रोज एकच भाजी न आणता आलटून पालटून आणावी, म्हणजे एखाद्या ठिकाणचा दोष असलाच तरी तो रोज पोटात जात नाही. मेथी-कोथिंबिरीच्या मुळांशी आलेली माती कोरडी व भुसभुशीत आहे की काळी, चिकट व दुर्गंधीयुक्त आहे, हे खरेदी करतानाच पाहता येते, आणि वासाची शंका आली तर ती जुडी सरळ परत करावी.

धुण्याची पद्धत मात्र घरात बदलावी लागेल. निवडलेला पाला चिरण्यापूर्वी धुवावा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, हाताने हलवावा, थोडा वेळ तसाच ठेवावा आणि मग दोन्ही हातांनी वर उचलून चाळणीत काढावा. पातेले चाळणीवर उपडे केले तर तळाशी बसलेली रेती पुन्हा पाल्यावरच पडते. तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहावे. साबण किंवा भांड्यांचा द्रव वापरू नये.

राहिला आपल्या वेळेचा प्रश्न, आणि तो मला या सर्वांइतकाच महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या कित्येक घरांतून पालेभाजी गेली ती तिच्याविषयीच्या गैरसमजांनी नव्हे, तर जुडी निवडण्याचे काम घरातल्या एकाच बाईच्या अंगावर पडल्याने. लोकलच्या महिलांच्या डब्यात मेथी निवडत घरी परतणाऱ्या बायका आपण पाहिल्या असतील. दिवसभर काम केलेल्या बाईला प्रवासातली विश्रांतीही या कामापायी सोडावी लागू नये. आपल्या घरात पाच माणसे आहेत. सासरे दुपारी घरी असतात, त्यांना बसून करता येण्याजोगे हे काम आहे आणि त्यांच्या प्रकृतीला त्याचा त्रास नाही. जी भाजी घरात येऊ नये असे यजमानांना वाटते, ती पारखून आणण्याची जबाबदारी त्यांनीच घ्यावी. मुलीलाही कच्च्या रसाऐवजी जुडी हातात द्यावी. स्टेशनबाहेर निवडलेली भाजी मिळते, तिचीही मदत घ्यायला हरकत नाही, मात्र ती अखंड पानांची असावी. चिरून ठेवलेला पाला घेऊ नये, कारण तो नीट धुता येत नाही आणि चिरल्यापासून सी जीवनसत्त्व कमी होत जाते.

आठवड्यातून दोनदा भाजी आणली तरी पुरते. मुळे कापून, पिवळी व सडकी पाने काढून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर ती तीन-चार दिवस चांगली राहते. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण छपाईची शाई खाण्याच्या पदार्थाला लागणे योग्य नाही. पहिल्या दिवशी शेपू-मेथीसारखी लवकर मलूल होणारी भाजी करावी आणि मुळ्याचा पाला किंवा लाल माठ नंतरसाठी ठेवावा. माठाचे कोवळे देठ टाकू नयेत, सोलून आमटीत घातले तर फार चांगले लागतात.

प्रमाणाविषयी सांगायचे तर, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात पालेभाज्यांसह एकूण 400 ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. त्यांपैकी निवडलेला पाला माणशी 75 ते 100 ग्रॅम धरावा, असे माझे मत आहे. शिजल्यावर तो अर्धी-पाऊण वाटीच भरतो. हे एकाच वेळी खाल्ले पाहिजे असेही नाही. सकाळी थालीपिठात मेथी, डब्यात पीठ पेरून केलेली मुळ्याच्या पाल्याची भाजी, रात्री चाकवताची किंवा चुक्याची पातळ भाजी आणि भाकरी, अशी विभागणी केली की रात्री निराळा घाट घालावा लागत नाही. कोथिंबीरवडी आणि अळूवडी वाफवून, थोड्या तेलावर परतून खावी. तळलेली वडी सणासुदीपुरती ठेवावी.

पावसाळ्यात पालेभाजी टाळण्याची जुनी प्रथा मुंबईच्या पावसात पाळण्याजोगी आहे, पण पूर्णपणे नाही. या दिवसांत पाण्याखाली गेलेली शेते आणि उडालेला चिखल यांमुळे जमिनीलगतची मेथी, पालक आणि कोथिंबीर सर्वांत अधिक खराब होते, तेव्हा त्या भाज्या कमी कराव्यात आणि उंचावर वाढणाऱ्या पाल्याकडे वळावे: शेवगा, मायाळूचा वेल. स्वच्छ जागेतला अळूही चालेल. याच काळात पालघर, शहापूर, कर्जत भागांतल्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या घेऊन मुंबईच्या बाजारांत बसतात. त्या जरूर घ्याव्यात, पण ओळख नसलेली रानभाजी स्वतः तोडून आणू नये, आणि घेताना ती कशी निवडायची व शिजवायची हे त्यांनाच विचारावे. फोडशीच्या पातीमधला पांढरट, ताठ भाग काढून टाकावा लागतो, भारंगी उकडून तिचे कडू पाणी पिळून टाकावे लागते, आणि शेवळे ही रानभाजी नीट साफ करून काकड या झाडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेत शिजवली नाहीत तर घसा फार खाजतो. पहिल्या वर्षी शेवळे सोडून टाकळ्यापासून सुरुवात करावी, त्याची कोवळी पाने कांद्यावर परतून ओले खोबरे घातले की भाजी तयार होते.